एकात एक सरकणारे ट्रायपॉडचे पाय : नळी, सांधा आणि बिजागरी यांचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा आणि लांब लेन्स मिळून सुमारे पाच किलो वजन पेलणारा ट्रायपॉड स्वतः तयार करायचा आहे. पाय ॲल्युमिनियमचे, चार टप्प्यांचे, एकात एक सरकणारे हवेत आणि कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर राहायला हवा. सर्वांत खालची नळी बारीक असल्यामुळे ती वाकेल का, पूर्ण उघडल्यावर एक टप्पा दुसऱ्यात किती लांबीपर्यंत राहू द्यावा आणि टप्पा हव्या लांबीवर धरून ठेवणारे लॉक कोणत्या प्रकारचे घ्यावे, हे विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर आकड्यांतूनच द्यावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. पायाची एकूण लांबी १५०० मिलिमीटर आणि उभ्या रेषेपासून त्याचा कोन २३ अंश धरला, तर वरची बैठक, म्हणजे तिन्ही पाय जिथे जोडले जातात तो भाग, सुमारे १३८ सेंटीमीटर उंचीवर येते. त्यावर हेडची (कॅमेरा धरून वळवणाऱ्या भागाची) उंची धरली की कॅमेरा हव्या त्या उंचीला पोहोचतो. हेडसकट भार सहा किलो मानला, तर प्रत्येक पायाच्या अक्षावर साधारण २१ न्यूटन दाब येतो. आता खालची नळी २० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाड भिंतीची आहे, आणि संपूर्ण दीड मीटरचा पाय जणू त्याच एका नळीचा आहे, अशी सर्वांत वाईट कल्पना करू. दोन्ही टोकांना मोकळेपणी फिरू शकणाऱ्या अशा दांड्यासाठी ऑयलरच्या सूत्राने काढलेला वाकून कोसळण्याचा भार सुमारे ९६५ न्यूटन येतो. म्हणजे प्रत्यक्ष भाराच्या जवळजवळ ४५ पट. त्यामुळे नळी वजनाने वाकून मोडेल ही काळजी सोडून द्यावी. ट्रायपॉड निकामी ठरतो तो थरथरीमुळे, सांध्यांतल्या ढिलाईमुळे आणि लॉक सरकल्यामुळे. रचनेचा सगळा वेळ या तीन गोष्टींवर खर्च व्हायला हवा.

ताठपणाचा हिशेब नळीच्या बाह्य व्यासापासून सुरू होतो. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध भिंतीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंत तीच ठेवून वरची नळी २८ ऐवजी ३२ मिलिमीटरची घेतली, तर तिचे वजन सुमारे १५ टक्के वाढते आणि ताठपणा मात्र जवळपास दीडपट होतो. म्हणून जाड भिंतीची बारीक नळी घेण्यापेक्षा पातळ भिंतीची मोठी नळी घेणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे असते. फक्त भिंत इतकी पातळ नको की लॉकच्या पकडीखाली किंवा दगडावर आपटून तिला पोचा पडेल. ॲल्युमिनियममध्ये १ ते १.२ मिलिमीटरच्या खाली मी जात नाही.

चार टप्प्यांसाठी ३२, २८, २४ आणि २० मिलिमीटर ही मालिका मी सुचवीन. प्रत्येक टप्प्याला चार मिलिमीटरचा फरक आणि १.२ मिलिमीटरची भिंत, म्हणजे दोन नळ्यांमध्ये सगळीकडून ०.८ मिलिमीटर फट उरते. बुश, म्हणजे दोन नळ्यांमधली फट भरणारी प्लास्टिकची पातळ कडी, बसवायला ती पुरेशी आहे. तीन मिलिमीटरच्या फरकाने पाय थोडे अधिक ताठ होतात, पण याच भिंतीला फट ०.३ मिलिमीटरवर येते आणि इतका पातळ बुश टिकाऊ बनवणे घरगुती साधनांना झेपत नाही. त्या मार्गाने जायचे असेल तर भिंत एक मिलिमीटरची घेऊन अर्ध्या मिलिमीटरचा बुश वापरावा लागेल.

आता खालच्या बारीक नळीकडे पुन्हा पाहू. २० मिलिमीटरच्या नळीचा ताठपणा ३२ मिलिमीटरच्या नळीच्या जेमतेम २३ टक्के असतो आणि नेमका हाच आकडा पाहून अनेक जण घाबरतात. परंतु पायाच्या टोकाशी आडवे बल लावले, तर वाकवणारा आघूर्ण (बल गुणिले अंतर) टोकाशी शून्य असतो आणि पाय बैठकीला जिथे जोडतो त्या बिजागरीकडे जाताना वाढत जातो. चारही टप्पे सारख्या लांबीचे धरून हिशेब केला, तर टोकाच्या एकूण सरकण्यात सर्वांत वरच्या नळीचा वाटा सुमारे ४२ टक्के, दुसरीचा ३३, तिसरीचा २० आणि सर्वांत खालच्या, सर्वांत बारीक नळीचा अवघा ५ टक्के येतो. चौथी नळी दुप्पट ताठ केली तरी एकूण फरक अडीच टक्क्यांचा. वरची नळी ताठ केली तर लाभ थेट दिसतो. याच हिशेबाने त्याच लांबीचा ३२, २८, २४ असा तीन टप्प्यांचा पाय, चार टप्प्यांच्या पायापेक्षा नळ्यांपुरता सुमारे १५ टक्केच अधिक ताठ ठरतो. तीन टप्प्यांच्या ट्रायपॉडची ख्याती यापेक्षा मोठी आहे, आणि त्याचे कारण नळ्यांत कमी, एक सांधा कमी असण्यात जास्त आहे.

पिळाविषयी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कॅमेरा डावी-उजवीकडे हलतो, तेव्हा पाय स्वतःच्या अक्षाभोवती पिळले जातात असे बहुतेकांना वाटते. पण रबरी गोलाकार टोक जमिनीला जवळजवळ एकाच बिंदूत टेकते आणि त्या बिंदूतून पायाच्या अक्षाभोवतीचा पीळ जमिनीला देताच येत नाही. तिथून येणारे बल पायाच्या अक्षातूनच जाते. त्यामुळे बैठक फिरते तेव्हा तिन्ही पाय बाजूला वाकतात आणि तो सगळा आघूर्ण शेवटी बिजागरीवर येऊन पडतो. लांब लेन्ससाठी ट्रायपॉड करताना बिजागरीची रुंदी मी नळीइतकीच महत्त्वाची मानतो.

यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. बिजागरीच्या दोन आधारांमधले अंतर ३० मिलिमीटर आहे आणि पिन व छिद्र यांच्यात ०.०५ मिलिमीटर मोकळीक आहे असे धरा. साध्या ड्रिलने पाडलेल्या छिद्रात याहून अधिक मोकळीक सहज निघते. एवढ्या मोकळिकीमुळे दीड मीटर लांबीच्या पायाचे टोक मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर कोणत्याही विरोधाशिवाय हलू शकते. आधारांमधले अंतर ४५ मिलिमीटर केले की तेच हलणे सुमारे १.७ मिलिमीटरवर येते. म्हणून छिद्रे रीमरने (छिद्र अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) पुरी करावीत, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे वॉशर देऊन पिन बोल्टने आवळण्याची सोय ठेवावी आणि पाय स्वतःच्या वजनाने खाली पडणार नाही इतपत तो बोल्ट ताणून ठेवावा. ही ताणण्याची सोय कायम हाताशी असावी, कारण वॉशर झिजतात.

बिजागरीशीच पायाचा कोन ठरवणारा खटका असतो. त्याचा विचार बहुधा शेवटी होतो, खरे तर तो आधी व्हावा. जमीन गुळगुळीत असेल तर पायांना बाहेर सरकण्यापासून रोखणारे घर्षण नसते आणि पाय फाकवणारा सगळा आघूर्ण या खटक्यावर येतो. आपल्या सहा किलोच्या भारासाठी २३ अंशाच्या कोनात हा आघूर्ण सुमारे ११.५ न्यूटन-मीटर आहे. तोच पाय पूर्ण लांबीला उघडून ८० अंशाला पसरला तर तो २९ न्यूटन-मीटर होतो. खटक्याचा टेकू पिनेपासून २० मिलिमीटरवर असेल तर त्यावर १४५० न्यूटन बल पडते. त्यात कोणी ट्रायपॉडवर हात टेकून उठले आणि ३० किलोचा भार वाढला, तर हेच बल सहापट होते. पाय लांब उघडून इतके पसरवू नयेत हे खरे; पण वापरणारा कधीतरी तसे करणारच, हे रचनाकाराने गृहीत धरावे. टेकू पिनेपासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा आणि तो ओतीव धातूचा न करता ६०६१-टी६ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ठोकळ्यातून कापावा. कोनांसाठी २३, ५५ आणि ८० अंशांच्या आसपासचे तीन टप्पे व्यवहारात पुरतात.

आता सांध्याची लांबी. लॉक बाहेरच्या नळीच्या खालच्या तोंडाशी असते आणि आतल्या नळीच्या वरच्या टोकावर बुश असतो. लॉक आवळले की खालचा आधार पक्का होतो, पण वरच्या बुशाभोवतीची मोकळीक तशीच राहते आणि आतली नळी लॉकभोवती किंचित डोलते. बुशाची व्यासातली मोकळीक ०.१ मिलिमीटर आणि बुश ते लॉक अंतर ५० मिलिमीटर असेल, तर एका बाजूला होणारे कलणे ०.००१ रेडियन असते. सर्वांत खालच्या सांध्यापुढे ३७५ मिलिमीटर नळी असल्याने टोकाशी फक्त ०.४ मिलिमीटर फरक पडतो. सर्वांत वरच्या सांध्यापुढे मात्र ११२५ मिलिमीटर लांबी असते आणि तेवढ्याच ढिलाईतून टोक १.१ मिलिमीटर हलते. सगळ्या सांध्यांना सारखी लांबी देण्याची पद्धत म्हणूनच मला पटत नाही. आतल्या नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट हा ढोबळ नियम धरून वरच्या सांध्याला ६०, मधल्याला ५० आणि खालच्याला ४० मिलिमीटर द्यावेत. एकूण १५० मिलिमीटर नळी सांध्यांत जाते, प्रत्येक टप्पा सरासरी ४१२ मिलिमीटरचा होतो आणि कॉलर (लॉकची बाहेरची कडी), टोक व बिजागरी धरून मिटलेला पाय साधारण ५५ सेंटीमीटर भरतो.

हे अंतर वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. बुश आणि लॉकची स्लीव्ह (नळीला पकडणारी आतली बाही) यांच्यामध्ये आतल्या नळीवर एक पातळ अंतरक नळी सरकवून ठेवली, की पाय ठरलेल्या मर्यादेपलीकडे ओढताच येत नाही आणि ६० मिलिमीटरची पकड प्रत्येक वेळी ६० मिलिमीटरचीच राहते.

बुशासाठी ॲसिटल हे कठीण, गुळगुळीत प्लास्टिक घ्यावे, नायलॉन टाळावे. नायलॉन हवेतली आर्द्रता शोषून फुगते आणि कोरड्या दिवसांत अचूक बसवलेला पाय पावसाळ्यात अडकू लागतो. ॲसिटल फारच कमी पाणी शोषते. मात्र ॲसिटल उष्णतेने ॲल्युमिनियमपेक्षा चार-पाच पट अधिक प्रसरण पावते. अखंड कडीसारखा २५ मिलिमीटरचा बुश ३० अंश तापमानवाढीत सुमारे ०.०८ मिलिमीटर फुगतो, तर त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी ०.०२ पेक्षाही कमी. म्हणजे ठेवलेली बरीचशी मोकळीक उन्हातच संपते. बुशाला उभी चीर दिली की त्याचा परिघ चिरेत सामावतो आणि फक्त ०.८ मिलिमीटर जाडीचे प्रसरण उरते, जे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतके अल्प आहे. चिरेमुळे बुश किंचित उमलून बाहेरच्या नळीला हलका दाब देत राहतो आणि झीज काही प्रमाणात आपोआप भरून निघते. शक्य असेल तर नळ्यांचा आतला व्यास प्रत्यक्ष मोजून प्रत्येक सांध्याचा बुश वेगळा तासावा. विकत मिळणाऱ्या नळ्यांचा व्यास नावाप्रमाणे असतोच असे नाही.

लॉकचे मुख्य प्रकार तीन. एका बिंदूवर दाबणारा पंखाचा स्क्रू लगेच बाद करावा, कारण तो नळीला पोचा पाडतो आणि तिला एका बाजूला ढकलून अक्ष बिघडवतो. उरलेले दोन म्हणजे खटक्याचे, म्हणजे लहान दांडी दाबून बंद होणारे लॉक (कोन ठरवणाऱ्या खटक्याशी याचा संबंध नाही), आणि फिरवण्याचे लॉक. खटक्याच्या लॉकमध्ये विकेंद्री कॅम, म्हणजे केंद्र बाजूला असलेली चकती, एका चिरलेल्या कॉलरला आवळतो. उघडले आहे की बंद, हे लांबून दिसते, हातमोजे घालूनही चालवता येते आणि ढिले पडले तर एका स्क्रूने घट्ट करता येते. स्वतः करणाऱ्याने पहिला ट्रायपॉड याच प्रकारचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलर लेथ आणि मिलिंगवर सहज होते आणि तिची पकड फिरवण्याच्या लॉकइतकी नाजूक मापांवर अवलंबून नसते. कॉलरची उंची मात्र किमान २० ते २५ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे दाब पसरतो.

फिरवण्याचे लॉक आटोपशीर असते, त्याला बाहेर आलेले भाग नसतात आणि नळीला ते सगळीकडून सारखे धरते. त्यात बाहेरच्या नळीच्या तोंडाशी शंकूच्या आकाराची जागा असते, तीत चिरलेली निमुळती स्लीव्ह बसते आणि आट्यांची कॉलर तिला वर ढकलते. शंकू वरच्या बाजूला निमुळता होत जाईल असाच ठेवावा. पायावर भार आला की आतली नळी वर सरकू पाहते, घर्षणाने स्लीव्हलाही वर ओढते आणि पकड आणखी घट्ट होते. उलट बसवलेला शंकू भाराखाली सैल होतो. कोनाची निवड नाजूक आहे. घर्षणगुणक ०.२ धरला तर घर्षणकोन सुमारे ११ अंश येतो. शंकूचा अर्धकोन त्याहून बराच लहान असेल तर कॉलर सैल केल्यावरही स्लीव्ह पाचरीसारखी अडकून बसते, आणि मोठा असेल तर आवळायला फार जोर लागतो. आठ ते दहा अंश ठेवून कॉलरला आतून एक ओठ द्यावा, जो कॉलर उलटी फिरवताच स्लीव्हला खाली ओढून सोडवील. हा ओठ नसलेली लॉक थंडीत आणि धुळीत हमखास अडकतात.

पकडीचा हिशेब सोपा आहे. एका पायाने ३०० न्यूटन अक्षीय भार न सरकता धरावा आणि त्यावर दुपटीची सुरक्षितता हवी, तर ६०० न्यूटन घर्षण लागते, ०.२ गुणकाला एकूण ३००० न्यूटन दाब. २४ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर १५ मिलिमीटर लांबीची स्लीव्ह असेल, तर हा दाब प्रति चौरस मिलिमीटर सुमारे २.७ न्यूटन होतो. ॲल्युमिनियमच्या नळीला तो सहज पेलतो. कार्बन फायबरच्या नळीत परिघाभोवती गुंडाळलेले तंतू पुरेसे नसतील तर मात्र वारंवारच्या आवळण्याने तिला उभे तडे जाऊ शकतात.

फिरवण्याचे लॉक घेतले तर आतली नळी कॉलरबरोबर फिरू नये याची सोय अनिवार्य आहे. बुशावर एक उंचवटा आणि बाहेरच्या नळीत आतून एक उथळ खाच, किंवा नळीवरच दोन सपाट बाजू, हे दोन्ही उपाय चालतात. पायाला पीळ सोसावा लागत नाही, हे वर आलेच आहे. त्यामुळे या खाचेत थोडी मोकळीक राहिली तरी स्थिरतेला धक्का लागत नाही. खाच अचूक करण्यात दिवस घालवू नयेत, बुशात घालवावेत.

कार्बन फायबरचा विचार मनात असेल तर एवढे लक्षात घ्यावे. मूळच्या फ्रेंच गित्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरच्या नळ्यांचा ट्रायपॉड बाजारात आणल्यापासून हे साहित्य छायाचित्रकारांत रुळले आहे. घनता ॲल्युमिनियमच्या २.७ च्या तुलनेत १.६ च्या आसपास आणि कंपने विझवण्याची क्षमता अधिक, हे त्याचे खरे गुण. पण ताठपणा तंतूंच्या दिशेवर ठरतो. सगळे तंतू लांबीच्या दिशेने असलेल्या नळीचा प्रत्यास्थता गुणांक ॲल्युमिनियमच्या ७० गिगापास्कलच्या जवळपास दुप्पट असू शकतो, तर सर्व दिशांना सारखे तंतू असलेली नळी ॲल्युमिनियमच्या खालीही जाते. नळीच्या वर्णनात तंतूंची मांडणी दिलेली नसेल तर ती घेऊ नये. शिवाय कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात थेट एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. जोडणी इपॉक्सीने करताना मध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा सलग थर राहील आणि ॲल्युमिनियमचा भाग ॲनोडाइझ केलेला (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा संरक्षक थर दिलेला) असेल, हे पाहावे.

लॉकच्या तोंडाशी धूळ रोखणारी रबरी कडी बसवली तर हवा बाहेर जायला वर एक बारीक छिद्र ठेवावे. तसे न केल्यास बंद नळी पंपासारखी वागते, ओढताना विरोध करते आणि मिटताना अर्ध्यात थांबते. कॉलरचे आटे बारीक नसावेत. दोन ते तीन मिलिमीटर अंतराच्या, माथा सपाट असलेल्या आट्यांत वाळूचा कण अडकला तरी तो पुसून काढता येतो. बारीक आट्यांत तोच कण धातू खरवडत पुढे सरकतो आणि एका फिरवण्यात कॉलर कायमची जाम होऊ शकते. वरच्या बैठकीचा स्क्रू ३/८ इंची आणि कॅमेऱ्याकडचा १/४ इंची ठेवावा, म्हणजे बाजारातली बहुतेक हेड बसतात.

मधल्या खांबाचा मोह टाळावा. तीन पायांवर मिळवलेला ताठपणा त्यावर उभ्या केलेल्या एकाच सडपातळ दांड्याने वाया जातो. तसेच तीन टोकांच्या त्रिकोणाच्या बाजूचे केंद्रापासूनचे अंतर टोकाच्या अंतराच्या निम्मेच असते, हे विसरू नये. आपल्या मापांत टोके केंद्रापासून सुमारे ५८६ मिलिमीटरवर आहेत, पण ट्रायपॉड जिथून उलटतो ती कड २९३ मिलिमीटरवरच आहे. जड लेन्स नेहमी एका पायाच्या दिशेने ठेवावी ती याचसाठी.

तिन्ही पाय एकदम बनवायला घेऊ नयेत. आधी एक पाय पूर्ण करावा, त्याची वरची नळी लाकडी जबड्यांच्या शिकंज्यात धरावी आणि टोकाशी डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून तराजूच्या हुकाने एक न्यूटन बल आधी डावीकडे, मग उजवीकडे द्यावे. दिलेल्या मापांना नळ्यांचे वाकणे एका न्यूटनला सुमारे १.६ मिलिमीटर यायला हवे. बल काढून घेतल्यावर काटा दोन्ही वेळा एकाच जागी परतला तर सांधे नीट बसले आहेत. दोन वेगवेगळ्या जागी थांबला तर त्या दोन जागांमधले अंतर ही एकूण ढिलाई. मग एकेक टप्पा मिटवत तेच माप पुन्हा घ्यावे. ज्या टप्प्याला ते अचानक घटते, त्याच सांध्याचा बुश बदलावा आणि त्यानंतरच उरलेल्या दोन पायांच्या नळ्या कापाव्यात.